आईची पट्टी, माझा कॅपो

नवरात्रात आईचा फोन आला. "अगं, कोजागिरीला यंदा काळी तीन घेऊ या. पांढरी पाचला वरचं जरा ओढावं लागतंय." मग लगेच भगरीचा विषय काढला, मोकळी होत नाही म्हणून. मी हं हं करत ऐकत होते, पण डोक्यात काळी तीनच अडकली होती. फोन ठेवला, गिटारच्या पिशवीतून कॅपो, म्हणजे सहाही तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, काढला आणि तो नुसता हातात घेऊन बसले. काळी तीनला या कॅपोचा मला काही उपयोग नव्हता.

ज्यांच्या घरी पेटी नव्हती त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे स्वरांना ए, बी, सी म्हणत नाहीत, पेटीच्या पट्ट्या मोजतात. पांढरी एक म्हणजे सी, पांढरी पाच म्हणजे जी. काळी एक सी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी पाच ए शार्प. गाणारा माणूस गळ्याला सोयीची पट्टी सांगतो आणि पेटीवाले काका बोटं सरकवून तिथे जातात. त्यांना काहीच कष्ट नाहीत. गिटारचं तसं नाही. कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेला स्वरांचा गुच्छ, आणि ओपन म्हणजे ज्यात काही तारा न दाबता मोकळ्या सोडतात. गिटारवर ज्यांना आपण सुखाच्या ओपन कॉर्ड म्हणतो त्यांचे मेजर आकार पाचच: सी, ए, जी, ई, डी. पाचही पांढऱ्या पट्ट्या. आणि गाणारी मंडळी, का कोण जाणे, बहुतेक काळ्यांवर बसलेली असतात. कुणाची काळी एक, कुणाची काळी दोन, बायकांची हटकून काळी चार नाहीतर पाच. म्हणजे घरच्या गाण्याला गिटार वाजवायची तर दोनच रस्ते. एक तर कॅपो लावा, नाहीतर बार धरा, म्हणजे एकच बोट सगळ्या तारांवर आडवं टाका.

मी पंचवीस वर्षं पहिला रस्ता धरला.

कारण एफ. कॉलेजात असताना गिटार घेतली, क्लास लावला, तिसऱ्या महिन्यात एफ आला. पहिल्या फ्रेटवर (गिटारच्या मानेवरच्या धातूच्या आडव्या रेघा म्हणजे फ्रेट, त्यांच्या मधली जागा म्हणजे घर, एका फ्रेटला अर्धा सूर) तर्जनी आडवी, सहाही तारा दाबायच्या, शिवाय उरलेल्या तीन बोटांनी ई मेजरचा आकार. माझ्या गिटारमधून सहा तारांपैकी दोन वाजायच्या, चार ठसठसायच्या. सरांनी माझा हात उलटा-पालटा करून पाहिला आणि म्हणाले, "तुझी बोटं लहान आहेत गं, मुलींना हा त्रास होतोच." ते वाक्य मी इतकी वर्षं खरं धरून चालले. खालच्या चार तारांचा छोटा एफ शिकले. तोही जड गेला तर पहिली तार (पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड) मोकळी सोडून एफ मेजर सेव्हन वाजवायचे आणि मान जराशी डोलवायचे, म्हणजे ते मुद्दाम केल्यासारखं वाटे. बाकी सगळीकडे कॅपो. आई त्याला चिमटा म्हणते. "तुझा चिमटा घेतलास का?" हे आमच्याकडे कुठल्याही कार्यक्रमाला निघतानाचं वाक्य.

आईबरोबर वाजवायला लागले २०१६ पासून. कर्वेनगरच्या तिच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर गाणी असतात. भजनी मंडळातल्या सात-आठ जणी, पेटी, तबला, टाळ, आणि एका कोपऱ्यात मी. तेव्हा आई काळी पाच गायची. तिसऱ्या फ्रेटला चिमटा, जी चे आकार, झालं. मधली कोविडची वर्षं गेली. २०२२ मध्ये गच्चीवर परत जमलो तेव्हा ती आपसूक काळी चारवर आली होती, मी चिमटा पहिल्या फ्रेटवर आणला. २०२४ मध्ये पांढरी पाच. तेव्हा चिमटा काढूनच टाकला आणि उघड्या गिटारवर जी वाजवला. काय सुंदर वाजला! त्या रात्री मला वाटलं होतं की आता आम्ही दोघी बरोब्बर जागेवर आलो.

तेव्हा हिशेब करायला हवा होता. चिमट्याने पट्टी चढते. उतरत नाही. आईची मात्र उतरत होती.

तिचं वय ७४. गळा अजून सुरेल आहे, फक्त वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, लागताना पूर्वी चेहरा हसरा असायचा आणि हल्ली भुवया वर जातात. पेटीत जे स्केल चेंजर असतं त्यात अख्खी पट्ट्यांची फळी डावी-उजवीकडे सरकते, हवं तिकडे. गिटारवाल्याला तशी सोय नाही.

आता कागदावर काय काय शक्य होतं ते सांगते, कारण यातलं प्रत्येक मी करून पाहिलं.

पहिलं, तारा अर्धा सूर उतरवायच्या आणि जी चेच आकार वाजवायचे. सगळ्यात सोपं. दुसऱ्या कुणाला मूळ पट्टी हवी असेल तर पहिल्या फ्रेटला चिमटा लावला की झालं. खरं सांगायचं तर एकटी आईच गाणार असती तरी हेच शहाणपणाचं होतं. पण अर्धा सूर उतरवला की तारेचा ताण साधारण अकरा टक्क्यांनी कमी होतो, आणि माझ्या गिटारला मी बोटांचे लाड म्हणून दहाच्या बारीक तारा लावलेल्या. सहावी तार खुळखुळायला लागली. जाड तारा लावता आल्या असत्या. पण मनात आलं, पुढच्या वर्षी पांढरी चार म्हणाली तर? मग अजून उतरवायच्या? किती?

दुसरं, दुसऱ्या फ्रेटला चिमटा आणि ई चे आकार. सुरुवात छान होते, पण आईचा पहिला अभंग भूप रागातला, त्यात ज्या दोन कॉर्ड पुढे लागतात त्या ई च्या घरात पुन्हा बारच्याच निघाल्या.

तिसरं सगळ्यात हुशारीचं होतं. चौथ्या फ्रेटला चिमटा, डी चे आकार. डी, बी मायनर सेव्हन, ए सस टू. तिन्ही ओपन, तिन्ही भूपाच्या स्वरांत बसणाऱ्या, बार औषधालाही नाही. मी खूश होऊन आईकडे वाजवायला गेले. आई दोन ओळी गायली आणि थांबली. "हे काय, मेंडोलिन आणलंयस का?"

तिला नेमकं काय खटकलं ते कळायला मला घरी येऊन गिटार आणि पेटी शेजारी ठेवावी लागली. डी च्या आकारात सगळ्यात खालचा षड्ज चौथ्या तारेवर येतो. चिमट्यासकट तो १८५ हर्ट्झ, म्हणजे थेट आईचा सा. म्हणजे गिटार तिच्या आवाजाच्या खाली नव्हतीच, त्याच्याच डोक्यावर बसली होती. सहाव्या तारेवरचा एफ शार्प, दुसऱ्या फ्रेटचा, ९२.५ हर्ट्झ. अख्खं सप्तक खाली. गाणाऱ्याचा आवाज भरदार असतो तेव्हा हे चालून जातं, पण उतरलेल्या आवाजाला खाली जमीन लागते. आणि तो खर्ज, म्हणजे खालचा सा, हवा असेल तर सहावी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबायलाच हवी.

चौथी एक पळवाट आहे, ती गिटारवाल्यांची फार लाडकी. ई चा आकार उचलून दुसऱ्या फ्रेटवर न्यायचा, पण बार धरायचा नाही. तर्जनीने फक्त सहावी तार, आणि बारीक दोन तारा मोकळ्या सोडून द्यायच्या. खर्जही मिळतो आणि वर त्या मोकळ्या तारांची झिलई. पाश्चात्त्य गाण्यात असं काही वाजलं की लोक डोळे मिटतात. मी आईसमोर वाजवलं. आईने डोळे उघडले.

"भूपात मध्यम कुठून आला गं?"

मी म्हटलं, कुठला मध्यम? तर तिने गाऊन दाखवला. "हा. आणि कोमल निषादही वाजतोय. दोन्ही वर्ज्य आहेत." आईला कॉर्ड म्हणजे काय ते माहीत नाही, गिटारला किती तारा असतात ते विचारलं तर ती पाच सांगेल. पण षड्ज एफ शार्प धरला तर दुसरी मोकळी तार शुद्ध मध्यम आणि पहिली कोमल निषाद, हे तिने एका झटक्यात पकडलं. त्या कॉर्डचं इंग्रजी नाव मला हातभर लांब सांगता आलं असतं. सांगितलं नाही.

त्या रात्री मी एक कागद घेतला आणि जे पंचवीस वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. सहा मोकळ्या तारा, आणि प्रत्येक पट्टीत त्या कोणता स्वर होतात. पांढरी पाचला, म्हणजे जी ला षड्ज मानलं तर सहावीपासून पहिलीपर्यंत: ध, रे, प, सा, ग, ध. बघा. सा रे ग प ध. भूप! उघड्या गिटारवर हात न ठेवता एक झंकार मारला तरी भूपाबाहेरचा एक स्वर वाजू शकत नाही. गेल्या कोजागिरीला जे मला स्वर्गीय वगैरे वाटलं होतं त्यात माझं कर्तृत्व काही नव्हतं, त्या तारा जन्मतःच त्या रागात होत्या. तानपुऱ्यासारख्या आपोआप गुंजत राहिल्या.

मग काळी तीनची ओळ लिहिली. कोमल नी, कोमल ग, कोमल ध, कोमल रे, म, कोमल नी. भूपासाठी एकही कामाची नाही. एका अर्ध्या सुरात सगळ्या मैत्रिणी परक्या. मग बार कॉर्डकडे मी पहिल्यांदाच वेगळ्या नजरेने पाहिलं. इतकी वर्षं वाटायचं की ओपन कॉर्ड म्हणजे संगीत आणि बार म्हणजे शिक्षा, एफ न येणाऱ्यांना दिलेली. पण मोकळी तार तिचा स्वर वाजवणारच, तुम्हाला हवा असो वा नसो. बारमध्ये एकही तार मोकळी नसते, म्हणजे आगंतुक कुणी नाही. शिवाय हात किंचित सैल केला की आवाज तिथल्या तिथे बंद. भजनी ठेक्यात हे किती उपयोगाचं आहे ते तबलेवाल्याला विचारा. ओपन कॉर्डचा गुंजारव पुढच्या मात्रेवर सांडत राहतो, टाळ आणि गिटारचा काला होतो. बारवर मला टाळाच्या मध्ये नेमकी जागा सापडली.

हे सगळं पटलं, पण कोजागिरी बारा दिवसांवर आणि बोटं तीच, 'लहान'.

मी भोसरीला एका कारखान्यात क्वालिटीमध्ये काम करते. दिवसभर मायक्रोमीटर आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पानं. घरी मात्र इतकी वर्षं गिटार कधी मोजली नव्हती, हे लिहितानाही लाज वाटते. एका शनिवारी गेज घरी आणला. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबून धरायची आणि पहिल्या फ्रेटवर ती किती अधांतरी राहते ते पाहायचं. तिथे कागदाएवढी फट पुरते. माझ्या गिटारवर ०.४ मिलिमीटरचं पान आरामात आत गेलं. म्हणजे नटच्या खाचा उंच होत्या, बहुधा विकत घेतल्या दिवसापासून. नट हा तारेचा शेवटचा टेकू, त्याला चिकटून असलेल्या पहिल्या फ्रेटवर तार वाकवायला मुळातच सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि खाच उंच असली की विचारूच नका. तुम्हालाही एफ वाजत नसेल तर आधी एक करा: पहिल्या फ्रेटला चिमटा लावा आणि त्याच्या पुढच्या घरात तोच बार धरून बघा. अचानक सोपा झाला तर दोष बोटाचा नाही, नटचा आहे. पंचवीस वर्षं मी बोटांना बोल लावला!

मेट्रोने डेक्कनला उतरले, गिटार पाठीवर घेऊन लकडी पुलावरून चालत पेठेत गेले. तिथे एक वयस्कर गृहस्थ तंतुवाद्यांची दुरुस्ती करतात. त्यांनी गिटार कानाशी धरली, सहावी तार दाबली, माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "एवढी वर्षं यावर वाजवत होतात?" बारीक कानशीने खाचा उतरवल्या, सॅडलही, म्हणजे तारांचा दुसऱ्या टोकाचा टेकू, थोडं घासलं, पाचशे रुपये घेतले. त्यांनी सांगितलं की पावसाळ्यात लाकूड फुगलं की तारा आणखी वर येतात, त्यामुळे हे काम दिवाळीनंतर पुन्हा दाखवून जा.

मग बोटं. पुस्तकातले वगैरे व्यायाम मी सांगणार नाही, मला जे दोन शोध लागले तेवढेच. पहिला म्हणजे तर्जनीने सहाही तारा दाबायच्या नसतातच. ई च्या आकारात पाचवी, चौथी आणि तिसरी तार दुसरी बोटं धरतात. तर्जनीच्या वाट्याला येतात सहावी, दुसरी आणि पहिली. मधे बोट पोकळ राहिलं तरी चालतं, नव्हे, राहूच द्यावं. मी सगळी ताकद नेमकी त्या मधल्या भागात घालवत होते, जिथे तिचं काही कामच नव्हतं. (मायनरला तिसरी तारही तर्जनीकडे येते, म्हणून एफ शार्प मायनर मेजरपेक्षा हट्टी. एक बोट कमी लागतं म्हणून ते सोपं, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.) दुसरा शोध असा की बोट सपाट नाही, जरासं कुशीवर टेकवायचं, अंगठ्याकडच्या हाडाच्या बाजूवर. आणि जोर अंगठ्याने चिमटून द्यायचा नाही, कोपर अंगाजवळ घेऊन दंडाचं वजन मागे सोडायचं. जात्याच्या खुंट्याला जसा हात जातो, तसा.

सुरुवात मात्र पाचव्या फ्रेटवर केली. माझ्या गिटारवर पहिलं घर छत्तीस मिलिमीटरचं आहे आणि पाचवं एकोणतीसचं, तिथे बोटं कमी ताणावी लागतात. रोज ऑफिसमधून आल्यावर दहा मिनिटं पाचव्यावर, मग चौथ्यावर. दुसऱ्या फ्रेटवर पोचायला नऊ दिवस लागले. अंगठ्याच्या मुळाशी दुखलं की थांबायचे. नवरा स्वयंपाकघरातून म्हणायचा, "आज चार तारा वाजल्या वाटतं."

कोजागिरीच्या दोन दिवस आधी तालमीला गेले. भूपातल्या अभंगाला एफ शार्प दुसऱ्या फ्रेटवर, डी शार्प मायनर सहाव्यावर, सी शार्प सस टू चौथ्यावर. सगळे बार. आई काही बोलली नाही, शेवटपर्यंत गायली. न थांबणं हीच तिची दाद. पेटीवाले काका म्हणाले, "आज गिटार ऐकू आली." आधी काय यायचं मग, असं विचारावंसं वाटलं.

चहा झाला. माझ्या वहीतून तो तारांचा कागद बाहेर पडला होता. आईने उचलला, चष्मा लावला आणि काळी तीनची ओळ बोट ठेवून वाचली. कोमल नी, कोमल ग, कोमल ध, कोमल रे, मध्यम. "भैरवी लिहिलीयस होय? सा आणि प राहिलेत."

मी तिच्या हातातून कागद घेतला. दहा दिवस ती ओळ माझ्यासमोर होती आणि मी तिला 'निरुपयोगी' असं शीर्षक दिलं होतं, लाल पेनाने. कार्यक्रम भैरवीने संपतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. भैरवीही मी बारमध्येच बसवत होते, शिस्तीत, नवा हात आला म्हणून जिथे तिथे बार. आता पुन्हा बघितलं. काळी तीनची भैरवी म्हणजे स्वर डी मेजरचेच. म्हणजे जी, डी, ई मायनर, ए, सगळ्या माझ्या जुन्या ओपन कॉर्ड. बार लागतो तो षड्जाच्या एफ शार्प मायनरला, आणि अधूनमधून बी मायनरला.

तिथेच वाजवून पाहिलं. एफ शार्प मायनरचा बार, मग हात सोडून जी. कोमल रिषभावर अख्खी गिटार उघडली. मध्येच आई आलाप घेत होती तेव्हा मी डावा हात पूर्ण काढून घेतला आणि नुसत्या मोकळ्या तारा हळूच छेडल्या. रे, ग, म, ध, नी सगळे होते. सा नव्हता. तो आईने लावला.

गच्चीवर त्या रात्री ढग होते, चंद्र दुधाच्या पातेल्यात एकदाच दिसला असं कुणीतरी म्हणालं. भूपात एका जागी माझा सहाव्या फ्रेटचा बार निसटला आणि ठसका लागल्यासारखा आवाज आला. टाळवाल्या काकूंनी तो झाकला. भैरवी नीट झाली.

सतरंज्या गुंडाळताना आई जवळ आली. आटीव दुधाचा पेला माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "चांगलं झालं. शेवटी मात्र जरा दम लागला गं. पुढच्या वर्षी पांढरी चार घेऊन बघू."

पांढरी चार म्हणजे एफ. पहिला फ्रेट.

गिटार पिशवीत ठेवताना नटवर अंगठा फिरवून पाहिला. पेठेतल्या काकांकडे दिवाळीनंतर जायचंच आहे, सहाव्या तारेची खाच आणखी किंचित खाली घेता येते का ते विचारते.